तीनशेतले पन्नास

माझा आजा त्याच्या बापाची एक गोष्ट सांगायचा. मामलेदार गावात यायचा झाला की आदल्या दिवशी पाटलाचा सांगावा यायचा. मग पणज्यानं पहाटेच शिवेवर जाऊन उभं राहायचं. घोडा दिसला की घोड्यापुढं पळायचं, वाट दाखवत. घोडा चालला तर हा चालणार, घोडा दुडकला तर हा पळणार. वेशीपर्यंत येईतो तोंडाला फेस. वेशीत पाटील, कुलकर्णी, वाजंत्री, हारतुरे. तिथं आलं की यानं बाजूला व्हायचं, सावली कुणावर पडणार नाही असं. आजा म्हणायचा, "सायबाच्या आधी गावात आमचाच बाप शिरायचा, पर गावानं त्याला शिरताना कधी बघितला न्हाई."

ही वतनाची गुलामी मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. वतनं खालसा करणारा कायदा झाला १९५८ साली. मधे तीस वर्षं गेली आणि बाबासाहेबही गेले. पण वतनावर आज लिहायचं नाही. आज्याची गोष्ट आठवली ती एका चित्रामुळं. चित्र आहे दुसऱ्या खंडातलं, पावणेपाचशे वर्षांपूर्वीचं. त्यातही एक राजा शहरात शिरतोय आणि त्याच्या वाटेवर काही माणसं उभी केली आहेत.

चित्र मला वाचनालयातल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात सापडलं. माझं इंग्रजी रात्रशाळेतलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो, पाळी सुटल्यावर. ज्यांचं इंग्रजी झाडून-पुसून लख्ख आहे त्यांनी हसून घ्यावं. पण त्यांच्यातल्या कुणी हे चित्र आपल्याला आजवर दाखवलं नाही, हेही लक्षात ठेवावं.

चित्र लाकडी ठशाचं आहे. म्हंजे फळीवर चित्र काढायचं, रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, उरलेल्या रेषांना शाई लावून कागद दाबायचा. आपण स्टेन्सिल कापतो तेव्हा रेघ खरवडतो आणि तिच्यातून शाई पाझरते. तिथं उलटं, रेघ राहते आणि आजूबाजूचं जातं. चित्र १५५१ साली फ्रान्सातल्या रुआँ नावाच्या शहरात छापलेल्या पुस्तकात आलं. आदल्या वर्षी, १ ऑक्टोबर १५५० ला, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री त्या शहरात वाजतगाजत शिरला होता. दुसऱ्या दिवशी त्याची राणी कॅथरीन द मेदिची शिरली. त्या सगळ्या थाटाचं हे पुस्तक.

तिकडं ही रीतच होती. राजा गादीवर आला की एकेका मोठ्या शहरात असा प्रवेश करायचा. हेन्री १५४७ ला राजा झाला, मग १५४८ ला लियाँ, १५४९ ला पॅरिस, १५५० ला रुआँ. खर्च शहराचा. शहरानं कमानी उभारायच्या, रस्ते सजवायचे, किल्ल्या हवाली करायच्या. राजानं शहराचे जुने हक्क पुन्हा कबूल करायचे. दिसायला भक्ती, आतून सौदा. कमानी असायच्या लाकडाच्या, कापडाच्या, गिलाव्याच्या, वर सोनेरी रंग. आठ दिवसांत पाऊस लागला की संपलं. म्हणून पुस्तक छापायचं. मिरवणूक गेली तरी कागद राहतो, आणि जे कागदावर राहतं त्याला पुढं इतिहास म्हणतात.

रुआँनं थाट केला तो जुन्या रोमन सेनापतींच्या विजययात्रेसारखा. रथ, तुताऱ्या, बेड्या घातलेले कैदी, सहा हत्ती. हत्ती खरे नव्हते, बनवलेले. आणि विजय कसला? इंग्रजांनी बुलोन नावाचं बंदर १५४४ ला घेतलं होतं, ते १५५० च्या मार्चमध्ये परत मिळालं. मिळालं तहानं, चार लाख सोन्याची नाणी मोजून. विकत घेतलेल्या गावाची विजययात्रा! हत्ती खोटे आणि विजयही तसाच. आपल्याकडच्या सत्कार समित्यांनी हे वाचलं तर त्यांना बरं वाटेल.

पण मला या हत्तींशी कर्तव्य नाही. पुस्तकात दोन पानं पसरून एक ठसा छापलाय, त्याच्यापाशी मी अडकलो.

शहराबाहेर सेन नदीच्या काठाला एक कुरण. दोनशे पावलं लांब, पस्तीस पावलं रुंद. त्या कुरणात ब्राझील देश उभा केलाय. झाडं होती तिथलीच, वाळुंजाची वगैरे. त्यांना दुसऱ्या झाडांच्या फांद्या बांधल्या आणि बुंध्यांना तांबडा रंग फासला, कारण ब्राझीलचं झाड आतून तांबडं. फांद्यांवर पोपट आणि माकडं सोडली. ती मात्र खरी, जहाजावरून आणलेली. झाडांच्या ओंडक्यांच्या झोपड्या, वर पानं शाकारलेली, भोवती कूड. झाडाझाडांमधे झोळ्या बांधल्या. आणि या सगळ्यात तीनशे माणसं, उघडीनागडी. कुणी शिकार करतंय, कुणी फेर धरून नाचतंय, कुणी झोळीत पडलंय, कुणी झाड तोडून ओंडका नदीकडं नेतंय.

या तीनशेतले पन्नास जण खरोखर ब्राझीलचे होते. तुपिनांबा लोक, जहाजांतून आणलेले. गालात, ओठात, कानात दगडाचे दागिने घातलेले. उरलेले अडीचशे नॉर्मंडीचे खलाशी. ब्राझीलला जाऊन आलेले, तिथली बोली येणारे. त्यांना नागडं करून, रंगवून तुपिनांबा बनवलं होतं. त्यांचं सोंग इतकं हुबेहूब होतं की वेगळं ओळखू येत नव्हतं, अशी खुद्द त्या पुस्तकातच तारीफ आहे.

दोस्तांनो, या तारिफेपाशी जरा थांबा. पुस्तक छापणाऱ्याला वाटलं आपण शहराचं कौतुक करतोय. त्यानं काय कबूल केलं ते त्याला कळलं नाही. कपडे काढले, अंगाला रंग लावला, आणि "रानटी" माणूस कुठला अन् ख्रिस्ताचा खलाशी कुठला हे राजाला कळेना, राणीला कळेना, गाद्यांवर बसलेल्या परदेशच्या वकिलांना कळेना. मग ज्याच्यावरून त्यांना जनावराच्या ओळीत बसवलं तो फरक अंगात कुठं होता? रक्तात, कातड्यात, चालण्यात? कुठंच सापडला नाही. सापडला तो खेळ संपल्यावर. संध्याकाळी खलाशांनी नदीत अंग धुतलं असेल, विजारी चढवल्या असतील, गुत्त्यात जाऊन बसले असतील. पन्नासांना तसं उतरवून ठेवण्यासारखं काही नव्हतं. ते सकाळीही तेच, रात्रीही तेच.

खलाशी काही सावकाराची पोरं नव्हती, हेही बोललं पाहिजे. तेही राबणारेच, समुद्रावर मरणारे. थंडीच्या तोंडाला दिवसभर नागडं नाचायला कोण येतो? ज्याचं पोट खपाटीला गेलंय तोच. गरीबच गरिबाचं सोंग घेऊन नाचला. पण सोंग काढता येणं ही दौलत आहे, आणि तेवढी दौलत खलाशाजवळ होती. आपल्या चाळीतही असे दोस्त आहेत. मोर्च्यात खांद्याला खांदा लावतात, एका ताटात जेवतात, आणि पोराच्या लग्नाची बोलणी निघाली की अंग धुऊन येतात.

आता प्रश्न असा की रुआँच्या व्यापाऱ्यांना हा उपद्व्याप सुचला कशाला? राजाला दाखवायला ब्राझीलच का? उत्तर माझ्या ओळखीचं निघालं. उत्तर आहे तांबडा रंग.

मी गिरणीत रंगखात्यात आहे. बादल्या, भट्ट्या, वाफ, हाताच्या रेषांत बसलेला रंग. म्हणून हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

रुआँ हे कापडाचं शहर. लोकरीचं कापड विणायचं, रंगवायचं, विकायचं. तांबडा रंग महाग. त्या रंगाचं एक लाकूड आपल्याकडून जायचं, पतंगाचं. मलबारात आणि पुढं पूर्वेच्या बेटांत ते झाड होतं. अरब व्यापारी ते पश्चिमेला न्यायचे, तिथून व्हेनिस, तिथून सगळा युरोप. तिकडं त्या लाकडाला निखाऱ्याच्या रंगावरून 'ब्राझील' म्हणायचे. म्हंजे नाव आधी, देश मागून. १५०० साली पोर्तुगीज सरदार काब्राल हिंदुस्थानच्या वाटेवर निघाला आणि वाटेत पश्चिमेला तो किनारा लागला. त्यानं त्याला क्रुसाच्या नावाचं पवित्र नाव दिलं आणि पुढं कालिकतला आला. किनाऱ्यावर पतंगाच्याच भावकीतलं तांबडं झाड सापडलं. व्यापाऱ्यांनी देवाचं नाव बाजूला सारलं आणि मालाचं नाव लावलं. सबंध देशाला एका लाकडाचं नाव पडलं. माणसांना नावानं न ओळखता कामानं ओळखायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. तिकडं ती अख्ख्या देशाला लागली.

या लाकडातला रंग सरळ निघत नाही. लाकूड लोखंडासारखं टणक. आधी कानशीनं घासून त्याचा भुगा करायचा, भिजत घालायचा, उकळायचा. कापड तुरटीच्या पाण्यात आधी मुरवून घ्यायचं, मग रंगात बुडवायचं. तुरटी नसेल तर रंग धरत नाही. घासायचं काम इतकं जीवघेणं की अॅमस्टरडॅम शहरानं १५९६ साली एक तुरुंगच त्यासाठी उघडला. चोर, भिकारी, रिकामटेकडे धरून आणायचे आणि दोघादोघांना एका करवतीला जुंपून ब्राझीलचं लाकूड घासायला लावायचं. लोक पैसे देऊन ते बघायला जायचे. तिकडं झाड तोडणारा नागडा करून बघायचा, इकडं घासणारा गजाआड ठेवून बघायचा. कापड नेसणारा तेवढा कुणाच्या बघण्यात नाही.

आणि एवढं करून तो रंग कच्चाच. उन्हात उडतो. आमच्या खात्यात असला माल परत आला तर हजेरीतून पैसे कापतील.

लाकूड तोडायचं कुणी? अर्थात तुपिनांबांनी. जाँ द लेरी नावाचा एक फ्रेंच चांभार होता. होय, चांभारच, मागून धर्मोपदेशक झाला. तो १५५७ च्या सुमाराला ब्राझीलला गेला आणि १५७८ साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात आहे की ही माणसं मैलोन्‌मैल अंतरावरून डोंगरदऱ्यांतून ओंडके उघड्या खांद्यावर घेऊन जहाजापर्यंत आणायची. मोबदला म्हणून कुऱ्हाडी, सुऱ्या, कात्र्या, आरसे, टोप्या. कुऱ्हाड मिळाली की आणखी झाडं तोडता येतात. कामाची मजुरी म्हणून आणखी कामच.

लेरीनं तिथल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली आहे. म्हाताऱ्यानं विचारलं, तुमच्या देशात सरपण नाही का, एवढ्या लांबून लाकूड न्यायला येता? लेरी म्हणाला, जाळायला नाही, रंगाला नेतो. एवढं लागतं? हो, आमच्याकडं एकेक व्यापारी असा आहे की तो एकटाच जहाजंच्या जहाजं घेतो. म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, एवढा श्रीमंत माणूस, तो मरत नाही काय? मरतो. मग त्याचं सगळं कुणाला जातं? पोरांना, नसतील तर भावांना. तेव्हा म्हाताऱ्यानं निकाल दिला की तुम्ही लोक ठार वेडे आहात. ज्या मातीनं तुम्हाला पोसलं ती तुमच्या पोरांना पोसणार नाही का? लेरीनं हे प्रामाणिकपणानं लिहून ठेवलं, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. त्या म्हाताऱ्याचं नाव लिहायला मात्र तोही विसरला.

रुआँत एका घराच्या दर्शनी भागावर ओक लाकडाच्या दोन कोरीव पट्ट्या होत्या, 'ब्राझील बेट' नावाच्या. आता तिथल्या पुराणवस्तूंच्या संग्रहालयात आहेत. त्यांवर नागडी माणसं झाडं पाडतायत, सोलतायत, वाहून जहाजावर चढवतायत. त्यात राजा नाही, नाच नाही. व्यापाऱ्याच्या दारावर काम कोरलं आणि राजाच्या वाटेवर नाच दाखवला. धंदा कशावर चालतो ते व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

मग राजापुढं हा देखावा कशासाठी, तर अर्जासाठी. पोर्तुगाल म्हणायचा, ब्राझील आमचं, दुसऱ्यानं तिथं जहाज न्यायचं नाही. १४९४ सालीच पोर्तुगाल आणि स्पेन यांनी जगाच्या नकाशावर रेघ मारून अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. ज्यांचं जग वाटलं त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वाटणीच्या जोरावर पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं आणि १५३४ च्या तहानं वसईबरोबर मुंबईची बेटंही त्यांच्याकडं आली. रुआँत हा खेळ चालला होता तेव्हा जिथं पुढं गिरण्यांची भोंगी उठली ती जमीनही त्याच पोर्तुगालच्या राजाची होती.

रुआँच्या व्यापाऱ्यांना तो मक्ता मोडायचा होता. म्हणून खेळाच्या शेवटी लढाई ठेवली. तुपिनांबा हे फ्रेंचांचे दोस्त, ताबाजारा हे त्यांचे वैरी. ताबाजारांनी हल्ला केला, तुपिनांबांनी त्यांना हाणून पाडलं आणि त्यांच्या झोपड्या जाळल्या. दुसऱ्या दिवशी राणीसाठी तीच लढाई पुन्हा, त्याच झोपड्या पुन्हा. नदीवर तर आणखी मजा. फ्रेंच जहाजानं पोर्तुगीज जहाजावर चाल केली आणि ते पेटवून दिलं. राजा खूश झाला. अर्ज समजला. पाच वर्षांनी, १५५५ साली, राजाच्या मर्जीनं फ्रेंच आरमार ब्राझीलला गेलं आणि आज जिथं रिओ शहर आहे त्या खाडीत त्यांनी किल्ला बांधला. पोर्तुगीजांनी १५६० ला तो पाडला आणि १५६७ ला फ्रेंचांना तिथून हाकललं. फ्रेंच जहाजात बसून घरी गेले. त्यांच्या बाजूनं लढलेल्या तुपिनांबांचं घर तिथंच होतं. त्यांना तलवार भोवली, मळ्यांची गुलामी भोवली आणि १५६२-६३ ला देवीची साथ आली ती वस्त्याच्या वस्त्या घेऊन गेली. दोन मालकांच्या भांडणात आपण कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न आपल्या मीटिंगांत दर निवडणुकीला निघतो. तेव्हा मला हे तुपिनांबा आठवतात.

एक गोष्ट मी वर सांगायची ठेवली होती. ज्या १५५० साली फ्रान्सात हा देखावा झाला, त्याच साली स्पेनमधल्या वायादोलिद गावी पंडितांची सभा बसली होती. विषय असा की नव्या खंडातल्या लोकांवर लढाई करून त्यांना अंकित करणं न्यायाचं आहे का. सेपुल्वेदा नावाचा पंडित म्हणाला, न्यायाचं आहे, कारण काही माणसं जन्मानंच गुलाम असतात, तसं अॅरिस्टॉटलनं लिहिलंय. लास कासास नावाचा पाद्री उलट बाजूनं उभा राहिला. ही माणसं आहेत, आपल्याइतकीच. याच लास कासासनं पूर्वी आफ्रिकेतून गुलाम आणायचा सल्ला दिला होता, आणि मागून तो पस्तावला. सभेचा धड निकाल लागलाच नाही. तेरा वर्षं आधी, १५३७ साली, खुद्द पोपनं फर्मान काढून ही माणसंच आहेत असं सांगितलं होतं. माणूस आहे हे ठरवायला फर्मान लागतं! आपला मनू आणि त्यांचा अॅरिस्टॉटल यांची गाठ कधी पडली नाही, पण दोघांच्या दुकानात माल एकच, जन्मानं ठरलेला दास. आमच्या खात्याच्या भाषेत, पोथी म्हणजे तुरटी. तिच्यात मुरवलं की वरून लावलेला रंग अंगाला धरतो.

आता बारा वर्षं पुढं या. १५६२, तेच रुआँ. दुसरा हेन्री १५५९ ला खेळातल्या भाल्यानं मेला होता. गादीवर त्याचा बारा वर्षांचा पोरगा, नववा चार्ल्स. माँतेन्य नावाच्या लेखकानं १५८० साली छापलेल्या निबंधात लिहिलंय की तेव्हा तिथं ब्राझीलचे तीन जण आणले होते. राजा त्यांच्याशी बराच वेळ बोलला. त्यांना शहर दाखवलं, थाट दाखवला. मग कुणीतरी विचारलं, तुम्हाला इथलं सगळ्यात नवल कशाचं वाटलं?

१५५० मध्ये पन्नास माणसं राजापुढं होती, तेव्हा त्यांना कुणी काही विचारल्याचं पुस्तकात नाही. इथं पहिल्यांदा विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, एवढाली दाढीवाली धिप्पाड हत्यारबंद माणसं एका पोराचा हुकूम मानतात, आपल्यातलाच एखादा मोठा का निवडत नाहीत? दोन, त्यांच्या बोलीत माणसं एकमेकांचे अर्धे भाग म्हणवतात. तर इथले काही अर्धे खाऊन फुगलेत आणि त्यांचेच दुसरे अर्धे भुकेनं वाळून त्यांच्या दाराशी भीक मागतायत. हे दुसरे अर्धे हे सोसतात कसे, पहिल्यांच्या नरडीला हात का घालत नाहीत, त्यांच्या घरांना आगी का लावत नाहीत?

तिसरी गोष्ट माँतेन्य विसरला. स्वतःच लिहितो, विसरलो, वाईट वाटतं. दुभाष्या मठ्ठ होता म्हणून कुरकुरतो. मी तिसऱ्या गोष्टीवर पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. पाळीवर भट्टीपुढं उभं राहून विचार केलाय की काय असेल. कविता पण करून बघितली. जमली नाही, फाडली.

त्या तिघांतला एक त्यांचा नायक होता. खलाशी त्याला राजा म्हणत. माँतेन्यनं त्याला विचारलं, राजेपणाचा तुला फायदा काय? तो म्हणाला, लढाईत सगळ्यांच्या पुढं चालायला मिळतं. आणि लढाई नसताना? माझ्या ताब्यातल्या गावी गेलो तर लोक रानातून पायवाट साफ करून ठेवतात, मला नीट जाता यावं म्हणून. बस. एवढाच त्याचा नगरप्रवेश. पुढं चालणं हा तिथं राजाचा मान आणि माझ्या पणज्याच्या गावात तीच महाराची वेठ. काम एकच, पुढं चालणं. ते मान का वेठ हे मागं घोड्यावर कोण बसलंय त्यावर ठरतं.

या सगळ्या बाडात तुपिनांबांची नावं मला एकदाच भेटली. १६१३ साली सहा जणांना पॅरिसला आणलं, बाप्तिस्मा द्यायला. तिघं थोडक्याच दिवसांत आजारी पडून मेले. १६१४ साली एका पाद्र्यानं पुस्तक काढलं त्यात त्यांची तांब्यावर कोरलेली चित्रं आहेत आणि खाली नावं. कारिपिरा, पातुआ, मानेन. हे मेलेले तिघं. नावांपुढं ख्रिस्ती नावं जोडलेली. धर्मांतरानं त्यांना नाव मिळालं असं पाद्री म्हणेल. पण धर्मांतर ज्याचं त्यानं ठरवून, वर्षानुवर्षं विचार करून, पाच लाखांसह करायचं असतं हे आपण १९५६ ला नागपूरला बघितलंय. दुसऱ्यानं जहाजातून आणून मरणाच्या अंथरुणावर पाणी शिंपडणं ही बात वेगळी.

तुपिनांबा संपले, असं पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं. ते संपले नाहीत. ब्राझीलच्या बायिया प्रांतात ओलिव्हेन्सा गावी ते आहेत, आणि २००१-०२ च्या सुमाराला सरकारलाही ते मान्य करावं लागलं. २००० साली साव पावलो शहरात एक मोठं प्रदर्शन भरलं, काब्रालच्या येण्याला ५०० वर्षं झाली म्हणून. त्यात तांबड्या पिसांचा एक झगा मांडला होता, तुपिनांबांचा, कोपनहेगनच्या संग्रहालयातून आणलेला. तिथल्या यादीत तो १६८९ पासून नोंदलेला. ओलिव्हेन्साची अमोतारा नावाची बाई तो बघायला गेली आणि म्हणाली, हा आमचा आहे, परत द्या. लोक हसले असतील. २०२४ साली तो झगा रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात परत आला. ते संग्रहालय २०१८ ला आगीत जळून गेलं होतं, म्हणजे जळक्या घरात हा झगा आला. अमोतारा तोवर राहिली नव्हती. त्याचा तांबडा रंग लाकडाचा नाही, पाखराचा आहे. साडेतीनशे वर्षांत उडाला नाही.

या अंकाच्या मुखपृष्ठावर तो रुआँचा ठसा घ्यायचा असं आमचं ठरलं होतं. मी दोन रात्री बसून स्टेन्सिलवर उतरवायला लागलो. तीनशे माणसं, नखाएवढी. दुसऱ्या रात्री मी भिंग घेऊन त्या पन्नासांना शोधायला लागलो. गालातला दगड दिसतो का, ओठ टोचलेला दिसतो का. कोरणाऱ्यानं सगळ्यांना सारखंच कोरलंय, कुणाच्याच तोंडावर वेगळी रेघ नाही. रेघा इतक्या जवळजवळ आल्या की स्टेन्सिल झोपड्यांपाशी फाटलं आणि वार्निश लावूनही सांधलं नाही. शेवटी एक कोपरा तेवढा वाचला, तोच कव्हरवर छापलाय. दोन माणसं खांद्यावर ओंडका घेऊन नदीकडं निघाली आहेत. पुढचा वाकलाय, मागच्याचं तोंड ओंडक्याआड गेलंय.